सोलरच्या खांबाखालची केळ

सोलर बसवायचंय ना, खुशाल बसवा, पण काँक्रीटवर पाणी मारायचं काम माझ्या आत्याला देऊ नका.

तिरुवैयारुजवळच्या आमच्या शेतावर पंपासाठी खांबावरचं सोलर घेतलं. पाया भरल्यावर मिस्त्री म्हणाला, "सार, रोज पाणी मारा. घाई करू नका."

मला कुठला धीर? तंजावूरच्या ऑफिसातून मी आत्याला सारखा फोन करायचो. "पाणी मारलंस?"

"मारलं रे बाबा. पण सगळं वाहून जातंय, बघून जीव तुटतो."

खांब उभा राहिला, वर पॅनेलं चढली, पंप धो धो चालला. वर्ष सरायच्या आत मात्र पाण्याची धार करंगळीएवढी झाली. मेकॅनिकशी फोनवर भांडलो. आत्याला विचारलं, "पॅनेलवर धूळ बसलीय का?"

"छे, लखलखीत आहे."

शेवटी एका रविवारी भर दुपारी स्वतःच जाऊन थडकलो. पायाला खेटून एक केळ उभी, आणि तिची पानं पॅनेलांवर सावली धरून वाऱ्यावर ती पुसत होती.

"ही कुणी लावली?"

"मीच. एवढं पाणी फुकट कसं जाऊ द्यायचं?"

मी कोयता उचलला. आत्या आडवी आली. "केळफूल बाहेर येतंय, दिसत नाही? पोटुशीवर कोयता उचलतोस?"

"मग पंपाचं काय?"

आत्यानं खांबाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याला काय फळ धरायचंय? हा हलव."