दादा रिटायर होतो

नाही, पण मी म्हणतो, माणसाने आधी मरायची वेळ सांगायची आणि मगच नोकरी सोडायची, हा कुठला न्याय? हसू नका! आमच्या दादाला, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला, अगदी हेच विचारलं हो त्या सल्लागाराने!

दादा एका दातांच्या लॅबमध्ये नोकरीला, कवळ्या बनवायचा. उभा जन्म खाली मान घालून दुसऱ्यांचे दात घासण्यात गेला, मान आखडली, चष्मा जाड झाला... म्हणून पन्नाशीला सुटायचं असं ठरवलं होतं त्याने. पन्नाशी आली, पैसेही जमले, आणि हा म्हणतो, "पुरतील का?" झालं! आणखी दोन वर्षं कवळ्या. मग महागाई वाढली, "पुरतील का?" मग गुडघा दुखला, "पुरतील का?" अहो, गुडघ्याचा आणि पुरण्याचा काय संबंध? पण नाही!

शेवटी वहिनीने त्याला धरून पैशांच्या सल्लागाराकडे नेलं. काचेची खोली, आणि बोलणं असं लोण्यासारखं... "सर, एकदम सोप्पं आहे. वर्षाचा खर्च सांगा, आणि किती वर्षं जगणार तेवढं सांगा."

"म्हणजे?"

"अंदाजे हो, सर! सत्तर धरलं तर उद्याच राजीनामा द्या. नव्वद धरलं तर... जरा अवघड आहे."

आता सांगा, माणसाने काय म्हणावं? सत्तरच धरा म्हणावं?

दादा तडक डॉक्टरांकडे. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर खूश! "काका, ठणठणीत आहात. नव्वदी कुठे गेली नाही तुमची!" दुसरा कुणी नाचत आला असता, हा तोंड पाडून घरी. आई वाटाणे सोलत होती, ती घाबरून म्हणाली, "काय निघालं रे?"

"काही निघालं नाही, आई. तेच तर!"

त्या संध्याकाळी मी गेलो, तर खिडकीशी बसून होता. हळूच म्हणाला, "धाकट्या, मला जास्त जगायची भीती वाटायला लागलीय रे." तुम्हाला सांगतो, एरवी मी दात काढले असते, पण मला हसूच येईना. निवांत जगायचं म्हणून पै पै जोडली, आणि आता जगण्याचंच ओझं?

तेवढ्यात वहिनी ओल्या हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून आली. "आणि माझी कधी?"

"तुझी काय कधी?"

"निवृत्ती हो! त्या हिशेबात स्वयंपाक फुकट धरलाय, धुणंभांडी फुकट, आईंचं औषधपाणी फुकट. म्हणजे तुम्ही नव्वदीपर्यंत आरामात बसणार, आणि मी नव्वदीपर्यंत ओट्याशी उभी?"

आई वाटाणे सोलायची थांबली. दादाने मनातल्या मनात स्वयंपाकीण धरली, धुणंभांडीवाली धरली, आईसाठी बाई धरली... आणि आकडा छपराला लागला. आता "पुरतील का?" विचारायचीही सोय नाही. पुरणारच नव्हते!

"म्हणजे मरेपर्यंत कवळ्या," दादा म्हणाला. "नाहीतर?"

"नाहीतर अर्धं अर्धं," वहिनी म्हणाली आणि झारा त्याच्या हातात दिला.

आणि खरं सांगतो, आठवड्याच्या आत त्याने राजीनामा दिला. इतकी वर्षं पैशांनी जे जमलं नाही, ते झाऱ्याने केलं! आता वहिनी सकाळी पोहायला जाते, या वयात, फुगा बांधून! दादा भाजी चिरतो, कपडे वाळत घालतो, आईच्या गोळ्या सांभाळतो. आई घास घेते आणि साहेबासारखी म्हणते, "मीठ बघ जरा." पण मान सुटलीय हो त्याची. हसतो चक्क!

परवा विचारलं, "काय दादा, कसा चाललाय आराम?"

कढईतून डोळे न काढता म्हणाला, "बरं चाललंय रे. फक्त इथला राजीनामा कुणाकडे द्यायचा, तेवढं कुणी सांगत नाही!"