वासरीचं मुसकं

माझं माहेर औरादकडचं, दिलं कमलनगरजवळच्या खेड्यात, दोन्हीकडं दावणीला देवणी जातीचीच जनावरं, म्हणून म्या शेणात जन्मले नि शेणातच म्हातारी झाले बगा. शाळा न्हाई. बाप मराठी बोलायचा, आई कन्नड, गाईसंगं मात्र दोघंबी सारखंच बोलायचे. आईचा एक नेम होता, वासराला महिनाभर पाणी दाखवायचं न्हाई. दूध पितंय की, दुधातच पाणी असतंय, वरून पाणी पाजलं की हगवण लागती म्हणायची. त्ये म्या गाठीला बांधलं. जन्मभर तसंच केलं. काही वासरं जगायची, काही जायची. गेलेल्याचं कारण कोण इचारतंय.

आता काय सांगू तुम्हाला ताई, ह्या उन्हाळ्यात आमची चंद्री व्याली. वासरी झाली, पांढरी, कान काळे. पण चंद्रीला दगडी झाली, कास अशी कडक नि तापलेली की हात लावू देईना. मग दुसऱ्या गाईचं दूध बाटलीनं पाजायलो. आमच्यात चारा चावेपस्तोर वासराचं नाव ठेवत न्हाईत, आधी ठेवलं तर जगत न्हाई म्हणतेत, म्हणून ती नुसती वासरीच. आठ दिवसांची असंल, बगते तर हौदाखालचा वला चिखूल चाटायली. हाकलली, तर गाईचं मूत चाटायला गेली. म्या म्हणलं, माती खाऊन पोट बिघडवून घेती ही. सुतळीचं मुसकं इणलं नि तोंडाला बांधलं, नुसतं दुधापुरतं सोडायचं. सून आमची महादेवी, आळंदकडची, ती म्हणली, अत्या, तान लागली असंल तिला, ऊन बगा की. म्या म्हणलं, तू कालची पोर, चार वासरं तरी वाढवलीस का?

तिसऱ्या दिवशी हगवण लागली. पिवळी, पाण्यावाणी. म्या दूधबी बंद केलं, पोटाला इसावा पायजे म्हणून. दुपारपस्तोर डोळे खोल गेले, कान गार पडले, मान टाकली तिनं. तवा भ्या वाटलं मला. घाईघाईत बांबूचं कांडं आणलं, तिचं तोंड आभाळाकडं केलं नि दूध वतलं. एकदम खोकली ती, नाकातनं दूध आलं, छातीत घरघर. सोडा अत्या, सोडा, मरंल ती, महादेवी वरडली, नि तिनंच फोन लावला.

गुरांचे डॉक्टर फटफटीवर आले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली, खाली बसंना. हे बगा अक्का, म्हणले, अंगातलं पाणी आटलंय. सुई दिली, सलाईनची बाटली गोठ्याच्या वाश्याला टांगली. नरडं वर करून कधी वतायचं न्हाई, म्हणले, फुफ्फुसात जातंय, बाटली गाईच्या कासेएवढी खाली धरायची, तिचं ती चोखती. हगवणीत दूध तोडायचं न्हाई, मधी मधी साखरमिठाचं पाणी द्यायचं, नि साधं पाणी कायम पुढ्यात. मग खाली पडलेलं मुसकं उचललं, हे कामून बांधलं? चिखूल चाटायली होती, म्हणलं. डॉक्टर म्हणले, पाणी मागायली होती अक्का ती.

तेवढं ऐकलं नि मला गेल्या उन्हाळ्यातला गोऱ्हा आठवला. त्योबी हौदाकडं बगून दाव्याला हिसके द्यायचा. लई वांड हाय म्हणून म्या ह्याच हातानं मुसकं बांधलं होतं त्याला. पाचव्या दिवशी गेला. अजून कितींचं तोंड बांधलं आसंल म्या, मोजायचं धाडस होत न्हाई.

आता दहा दिस झाले. हगवण थांबली, घरघर थोडी हाय, सुया चालूच. सकाळी गोठ्याच्या दाराशी थांबते, तिचा दम ऐकू आला की मगच पाय आत टाकते. बादलीत नाक घालून पिती, म्या नरड्यावर हात ठेवते, घोट नीट उतरायलाय का बगते. महादेवी म्हणती, अत्या, आता पाण्यालाबी नजर लावताव काय.

काल तिनं वासरीला गौरी म्हणून हाक मारली. चारा कुठं चावलाय अजून? म्या रागवायला तोंड उघडलं, तर वासरीनं बादलीतनं मान वर केली, नाकावरनं पाणी गळायलं. म्या बादली परत भरली, पी माय, म्हणलं, पोटभर पी. नाव मात्र माझ्या तोंडातनं अजून निघत न्हाई बगा, भ्या वाटतंय.