विमानातला तांदूळ

सविता: विमानात कोण बसलंय?

राजेंद्र: अगं, तू? तू कशी काय आलीस तळेगावहून? शिवणक्लास नाही का आज?

सविता: क्लासला सुट्टी दिली. मी विचारलं, विमानात कोण बसलंय?

राजेंद्र: तांदूळ.

सविता: तांदूळ?

राजेंद्र: इंद्रायणी.

कोंडाजी: औंदाचा हाय, पोरी. पन्नासचं पोतं, वर बाविसाची गोनी. पाव्हण्यांच्या वजनाला बराबर.

सविता: मामा, तुला मी नंतर बघते. तांदळाच्या अंगात कोट कुणाचा आहे?

राजेंद्र: माझा. जुना.

सविता: कोमलच्या लग्नातला! एकदा घातलाय तो! पोरीच्या लग्नातला कोट पोत्याला चढवलात? आणि वर ते हेल्मेट कशावर ठेवलंय?

कोंडाजी: डांगर हाय, तांबडा भोपळा. कस्तुराच्या परसातलं.

सविता: मामीला माहितीये?

कोंडाजी: आजून न्हाई.

सविता: वाटलंच होतं मला. तुझी पोल्ट्री बंद पडली आणि हे कंपनीतून रिटायर झाले, दोन्ही एकाच महिन्यात. तेव्हापासून दोघं मिळून इथं हे विमान बांधत बसलाय. कोंबड्या होत्या तेव्हा या शेडमधून निदान अंडी तरी मिळायची.

राजेंद्र: तू बस तरी आधी. पाणी घे. चालत आलीस का फाट्यापासून?

सविता: चालतच आले. एसटी कुठं येतेय इथवर? का आले विचारा.

राजेंद्र: का आलीस?

सविता: सकाळी मशीनवर बसले, तर सुई मोडलेली. मोठी, जाड कापडाची. आणि पायाखाली हा तुकडा सापडला. बघा. काळा पट्टा, दोन बोटं रुंद. हा आणि तांदळाच्या खांद्यावरचा, दोन्ही एकच ना?

राजेंद्र: टोकं दुमडून शिवायची होती. चार टाके फक्त.

सविता: मला न विचारता माझ्या मशीनला हात लावलात, तेही सोडा. कमरेला पट्टा होता ना विमानात? मग हे खांद्यावरून कशाला?

राजेंद्र: हे जास्तीचे.

सविता: जमिनीवरून फिरायला खांद्याला पट्टे लागतात?

राजेंद्र: पठारावर खड्डे आहेत.

कोंडाजी: लय खड्डे हायेत, पोरी.

सविता: चाळीस वर्षं मी एसटीत बसून खड्डे खातेय. एकाही कंडक्टरनं माझे खांदे बांधले नाहीत. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होतात. काय म्हणाला होतात? म्हणा.

राजेंद्र: चाकं जमीन सोडणार नाहीत.

सविता: पुढचं?

राजेंद्र: तुझी शपथ.

सविता: मग?

राजेंद्र: अगं, मंगळवारी तपासणीचे साहेब येतायत. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं. नुसता कमरेचा पट्टा चालणार नाही, खांद्याचे बसवा, मग उडायची परवानगी बघू.

सविता: उडायची?

राजेंद्र: तोंडातून गेलं.

सविता: मामा, तुला माहीत होतं?

कोंडाजी: मी म्हनलं, इमान हाय. कवातरी उडलंच की.

सविता: छान! दोघंही एका माळेचे मणी. म्हणजे दीड वर्ष मी डबा बांधून देतेय, तो कशासाठी? तुम्ही एक दिवस आभाळात जाऊन तिथून खाली पडावं म्हणून?

राजेंद्र: पडणार नाही. त्यासाठीच तर ही चाचणी आहे. तू आलीच आहेस तर बघ. शेपूट जांभळीला बांधलंय. इंजिन उतरवून ठेवलंय, म्हणून पुढून मोकळं आहे. तांदळाच्या छातीला दोर, आणि दोराचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. विमान आपटलं तर माणूस पुढं फेकला जातो ना, तो झटका मामा ट्रॅक्टरनं देणार. पट्टा टिकला तर माणूस टिकला.

सविता: द्या मग झटका. माझ्यासमोर.

राजेंद्र: आत्ता?

सविता: नाहीतर काय, मुहूर्त काढायचाय? मामा, बस ट्रॅक्टरवर.

(कोंडाजींनी ट्रॅक्टरला असा काही हिसका दिला की जांभळीचीसुद्धा पानं गळली. दोर ताणला, पट्टे ताणले, डांगर हेल्मेटसकट सुटून शेणाच्या ढिगात जाऊन बसलं, आणि लग्नातल्या कोटाखालून बराच वेळ सर्र असा आवाज येत राहिला.)

राजेंद्र: टिकला! पट्टा टिकला! बघ, एक टाका उसवलेला नाही!

सविता: पट्टा टिकला हो. तुम्ही कुठं टिकलात?

राजेंद्र: म्हणजे?

सविता: खाली बघा.

कोंडाजी: बुडातनं फुटलं.

सविता: खांद्यावरून दाबलं गेलं आणि खालून फुटलं. तुमच्या कोटातून हे जे गळतंय ना, त्या जागी तुम्ही असता.

राजेंद्र: पोतं जुनं होतं गं.

सविता: तुम्ही काय नवे आहात? एकसष्ट पुरी झाली! मला भीती वाटते, कळतंय का तुम्हाला? शपथ काही मी हौस म्हणून घ्यायला लावली नव्हती.

राजेंद्र: अगं, रडतेस काय.

सविता: रडत नाहीये. सरका. मला बघू दे. हा पट्टा खांद्यावरून मागं येतो आणि तिथून सरळ खाली जातो? पार फळीपर्यंत?

राजेंद्र: तिथं भक्कम पाईप आहे. सगळ्यात जाड.

सविता: पाईप जाड असून काय उपयोग? माणूस जातो पुढं, पट्टा ओढतो खाली. मग मधल्या मध्ये मणक्याचं काय होणार? साधी ब्लाउजची बाही चुकीच्या जागी जोडली तर बाईला हात वर करता येत नाही. पट्टा खांद्याच्या उंचीला, सरळ मागं जायला नको का?

कोंडाजी: व्हय.

सविता: काय व्हय?

कोंडाजी: बैलाचं बी तसंच हाय. कासरा आखूड करून खाली खुट्ट्याला बांदला आन बैल बुजला, तर त्यो मान खाली घालून जाग्यावर पडतो. मागं, खांद्याच्या उंचीला बांदला तर नुस्ता थांबतो.

सविता: मामा, तुला हे ठाऊक होतं?

कोंडाजी: आक्खी जिंदगी बैलगाड्याच्या शर्यतीच्या घाटात गेली माजी.

सविता: ते नाही विचारत. हे पट्टे चुकलेत, हे तुला कधी कळलं?

कोंडाजी: लावले त्या दिशीच.

राजेंद्र: मामा!

सविता: मग बोलला का नाहीस? तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?

कोंडाजी: आगं, जावयाला कसं म्हनायचं, तुमचं चुकलं? घरचा जावई. हितं यिऊन मान दितोय, चार लोकांत मामा मामा म्हनतोय. आपन त्येंची चूक काडायची? आपल्यात हाय का अशी रीत?

सविता: आणि रीत पाळता पाळता त्यांचा मणका मोडला असता म्हणजे?

कोंडाजी: तसं कसं मोडू दीन? म्हनून तर म्हनलं, पाव्हणं, तांदूळ बसवून बगा. माज्या तोंडानं सांगन्यापरीस तांदळाच्या तोंडानं कळल्यालं बरं.

राजेंद्र: खरंच. चाचणीचं मामांनीच सुचवलं होतं.

सविता: तुझ्यापुढं हात टेकले, मामा! आता एकदाच सगळं सांगून टाक. अजून काय काय पोटात ठेवलंयस?

कोंडाजी: ऱ्हाऊ दे की.

सविता: सांग म्हणते ना!

कोंडाजी: डावं चाक आत वढतंय. शर्यतीच्या घाटात इमान पळीवलं तवा बगितलं मी. आन आतल्या कळकुट्ट रंगानं पायपाला चीर पडली तरी दिसायची न्हाई.

राजेंद्र: तो रंग मी मुद्दाम आणला होता.

कोंडाजी: म्हनून तर बोललो न्हाई. आन त्ये इमान शिकिवनारे सर आलतं हितं, तवा चा पिता पिता मला म्हनले, तुमच्या पाव्हण्यांचं वर जानं झ्याक हाय, उतरनं कच्चं हाय. आजून धा तास तरी पायजेत.

सविता: अगं बाई! म्हणजे मला न सांगता उडायला शिकायलाही जाताय?

राजेंद्र: मला तर ते म्हणाले, छान चाललंय.

कोंडाजी: तुमी त्येंनाबी जावई वाटला आसाल.

सविता: हसू नका. दोघंही हसू नका. मला फक्त एक सांगा. तेहतीस वर्षं टूलरूममध्ये काम केलंत, मिलिमीटरचा फरक असला तर जेवायला उठायचा नाहीत. मग खांद्यामागचा हा आडवा पाईप दिसला नाही तुम्हाला? बरोबर उंचीला आहे.

राजेंद्र: दिसला होता.

सविता: मग?

राजेंद्र: तिथं पट्टा न्यायचा तर विमानाच्या अंगाला मढवलेलं मागचं कापड फाडावं लागतं. तीन महिने ताणून ताणून बसवलंय ते. एक सुरकुती नाही, हात फिरवून बघ. त्याला ब्लेड लावायला जीव होईना.

सविता: कापडावर जीव, आणि स्वतःचा जीव तांदळाच्या पोत्यात? द्या ते ब्लेड इकडे. कापड कापणं माझं काम. चीर पाडते, कडेनं पट्टी लावते. वर्षभरानं बघितलंत तरी कळायचं नाही. पण आधी मला हे सांगा, एवढं अडलंय काय वर जायचं? खाली काय कमी आहे?

राजेंद्र: हसशील.

सविता: हसण्याच्या पलीकडे गेलेय मी.

राजेंद्र: तू लहानपणी इथूनच टाकव्याच्या शाळेत जायचीस ना, खिंडीतून. किती वेळ लागायचा?

सविता: जायला दोन तास. यायला जास्तच, चढ असायचा. पावसाळ्यात ओढा भरला की दप्तर डोक्यावर. सातवीनंतर शाळा सोडली मी, ती काही अभ्यास येत नव्हता म्हणून नव्हे. त्या वाटेनं सोडवली.

राजेंद्र: हे तू मला लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितलं होतंस. मी नकाशावर पट्टी ठेवून मोजलंय. इथून वर गेलं की टाकवे पाच मिनिटं.

सविता: पाच?

राजेंद्र: वारा समोरून असला तर सहा. ती वाट मला वरून बघायची होती. तुझी शपथ मोडून बघायची होती, हे चुकलंच माझं.

सविता: पाच मिनिटं. आणि माझी आई रोज दारात उभी राहायची, दिवेलागणीपर्यंत.

कोंडाजी: उबी ऱ्हायाची. मी बगितलंय.

सविता: ऐका आता. पट्टे मागच्या पाईपाला. माझ्या हातानं उसवून माझ्या हातानं शिवायचे. सरांकडे दहा तास, एकही कमी नाही, आणि सही मामाला दाखवायची. डावं चाक नीट करायचं. साहेब मंगळवारी येवोत की दिवाळीनंतर, घाई करायची नाही.

राजेंद्र: आणि शपथ?

सविता: शपथ सुटली म्हणते. तुमच्या डोक्यावर हात ठेवून सोडायची की काय आता? या शेजारच्या सीटला खांद्याचे पट्टे का नाहीत?

राजेंद्र: तिथं पहिल्या फेऱ्यांना तांदूळ ठेवायचा. वजनापुरता. त्याला कमरेचा पुरतो.

सविता: आणि तांदळानंतर?

राजेंद्र: नंतर कोण बसणार? तू तर म्हणाली होतीस, मेले तरी बसणार नाही.

सविता: खिंडीपाशी वाट कुठं वळते, तुम्हाला ठाऊक आहे? करवंदीच्या जाळीपाशी दोन फुटतात. तुम्ही हमखास चुकीची बघून याल आणि मला सांगाल, बघितली. टेप कुठाय?

राजेंद्र: कसली टेप?

सविता: माझ्या पर्समध्ये बघा. शिवणाची. घ्या खांद्याचं माप.

राजेंद्र: खरंच बसशील?

सविता: तो तांदूळ धडपणे उतरला तर बसेन. मामा, तोवर तू हा खाली सांडलेला भरून घे, आणि डांगर धुऊन मामीच्या परसात होतं तिथं ठेव.

कोंडाजी: देठ तुटलंय त्येचं.

सविता: मग भाजी करायला सांग. जावई जेवायला थांबलेत म्हणावं, म्हणजे ती काही विचारणार नाही.

राजेंद्र: सरळ उभी राहा. श्वास सोड. हं... कमरेपासून खांदा... बत्तीस. नाही, अठ्ठावीस. मामा, लिहून घ्या, अठ्ठावीस.

कोंडाजी: पाव्हणं.

राजेंद्र: काय, मामा?

कोंडाजी: ह्या सीटवर पोर आमची बसनार हाय, म्हनून बोलतो. राग मानू नगा. टेप उलटी धरलीया तुमी.