बेचाळीस वह्या आणि उकळतं पाणी

...नाही हो, बंद पडत नाही! तेच तर सांगतोय. सगळ्यांना वाटतं, मास्तर नव्या डिजिटल फळ्यावर कुरकुरतोय म्हणजे फळा बंद पडत असणार, नेट जात असणार, मास्तरला बटणं कळत नसणार... काही नाही! चालतो. ठणठणीत चालतो. सकाळी कळ दाबली की उजळतो आणि बाईच्या आवाजात ‘सुप्रभात’ म्हणतो. सत्तावीस वर्षं शिकवतोय मी ह्या शाळेत, विज्ञान, आठवी ते दहावी, मला आजवर शाळेच्या दारात एका सहकाऱ्यानं सुप्रभात म्हटलेलं नाही. तक्रार नाही हं. निरीक्षण आहे.

तर त्या फळ्यात प्रयोग असतात. आणि तुम्हाला सांगतो, काय प्रयोग! चंचुपात्र लखलखीत, काठाला टवका नाही, तळाला पांढरा थर नाही. ज्योत निळीशार. लिटमसला लाल हो म्हटलं की लाल! आमच्या प्रयोगशाळेतला लिटमस आधी विचार करायचा. मग जांभळट व्हायचा आणि तिथंच अडून बसायचा. पोरं विचारायची, ‘सर, हा लाल म्हणायचा का निळा?’ मी विचारायचो, ‘तुला काय दिसतंय?’ ...की झालं! अर्धा वर्ग लालच्या बाजूनं, अर्धा निळ्याच्या, कुणी कागद खिडकीशी नेतंय, कुणी जिभेला लावू का विचारतंय, आणि घंटा! तास गेला. फळ्यावर तोच प्रयोग दीड मिनिटात होतो आणि शेवटी टाळ्या वाजतात. कोण वाजवतं, माहीत नाही.

आणि पाणी! फळ्यातलं पाणी शंभर अंशांना उकळतं. बरोब्बर शंभर. आमच्या प्रयोगशाळेत ते सत्त्याण्णवला उकळतं. हसू नका, खरं सांगतोय. गाव उंचावर आहे म्हणा, थर्मामीटर म्हातारे झालेत म्हणा, दोन्ही म्हणा... पण सत्त्याण्णव! क्वचित अठ्ठ्याण्णव. एखादा शहाणा थर्मामीटर तळाला टेकवतो, त्याचं एकशे एक. आणि माझा आयुष्यात एकच हट्ट बघा, जर्नलमध्ये जे दिसलं ते लिहायचं. पुस्तकात आहे म्हणून शंभर लिहिलंस? वही परत. सत्तावीस वर्षं वह्या परत करतोय मी! पालक यायचे भांडायला. ‘अहो, बरोबर उत्तर लिहिलंय, तरी फुली?’ म्हटलं, उत्तर बरोबर आहे हो, पण ते तुमच्या मुलाचं नाही. मग ते मोठ्या बाईंकडे जायचे.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. चांगल्या आहेत बाई, उगाच कशाला बोलू? आवाज फार मऊ. इतका मऊ, की त्या नाही म्हणाल्या हे माणसाला घरी पोचल्यावर कळतं. तर त्यांनी बोलावलं. ‘बसा ना सर... चहा घेणार? सर, तुमची प्रयोगशाळा केवढी मोठी आहे, नाही? उजेडही छान येतो... दुसरा फळा तिथे किती शोभेल!’ म्हटलं, बाई, आणि प्रयोग? ‘अहो सर, प्रयोग फळ्यातच आहेत की! न फुटता, न भाजता!’ चहा काही आला नाही. तक्रार नाही, निरीक्षण आहे.

पण ह्या वेळी मी अडून बसलो. बायको म्हणते तुम्ही आयुष्यात एकदाच अडलात, तेही नको तिथं. असेल. मी म्हटलं, बाई, गुरुवारी तपासणीला साहेब येतायत, त्यांच्यासमोर होऊन जाऊ दे. नववीची बेचाळीस मुलं. एकवीस फळ्यासमोर, एकवीस माझ्याकडे बर्नरवर. प्रयोग एकच, पाणी उकळणे. साहेबांनी वह्या बघाव्यात आणि ठरवावं, प्रयोगशाळा राहणार का जाणार. आणि माझा डाव सांगू का? फळ्याकडच्या एकवीस वह्यांत शंभर येणार, ठरलेलं. माझ्याकडे सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकशे एक... साहेब विचारणार, ‘हे काय? उत्तरं वेगळी कशी?’ की मी म्हणणार, ‘साहेब, मुलांनाच विचारा!’ आणि पोरं जी सुटतील! उंची, हवेचा दाब, थर्मामीटरचं वय... एकेकाला गप्प करायला शिपाई लागेल! मी दोन रात्री ते मनात ऐकून झोपलो, खरं सांगतो.

शिपाई म्हणजे आमचे मामा. प्रयोगशाळेचे मामा, माझ्याही आधीपासून आहेत. सगळी शाळा त्यांना मामा म्हणते, मोठ्या बाईसुद्धा. कुठल्या बर्नरचा नळ कुरकुरतो, कुठली बाटली लेबलावर विश्वास ठेवण्यासारखी नाही, सगळं तोंडपाठ. खोली गेली तर त्यांना पुढच्या दारात घंटेपाशी बसवणार होते. धास्ती मी घेतली होती, मामांनी नाही. मामांनी आपलं काम केलं.

गुरुवार उजाडला. साहेब आले. साहेब सभ्य, घाईत, हातात दोन फोन. एक वाजला की दुसऱ्याकडे बघायचे. आधी फळा बघितला. पाणी उकळलं, टाळ्या झाल्या, साहेबांनीही वाजवल्या. मग आले आमच्याकडे. पाच टेबलं, पाच बर्नर, खोलीत तो वाफेचा वास, पोरं इतकी शांत की मला तेव्हाच कळायला हवं होतं! नववीची मुलं प्रयोगशाळेत शांत कधी असतात का? मी आपला ऐटीत. म्हटलं, साहेब, वह्या बघा.

साहेबांनी पहिली वही उघडली. शंभर. दुसरी, शंभर. तिसरी... मी मान लांब करून बघतोय, शंभर, शंभर, शंभर! एकवीसच्या एकवीस! आणि माझ्यासमोर टेबलावर, माझ्या डोळ्यांपुढे, थर्मामीटर त्या खदखदत्या पाण्यात उभा आणि पारा सत्त्याण्णवला! अहो, वह्यांत खोडलेलं दिसत होतं! सत्त्याण्णव खोडून, रबरानं कागद भुरभुरेपर्यंत घासून, वर शंभर!

साहेब म्हणाले, ‘छान! दोन्हीकडे तंतोतंत सारखं.’ मग खोलीभर नजर फिरवली आणि अगदी साधेपणानं विचारलं, ‘सर, दोन्हीकडे उत्तर एकच येतंय, तर मग ही एवढी मोठी खोली लागते कशाला?’

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? हात लांब केला असता तर पुरे होतं. साहेब, हा पारा वाचा, आणि ह्या वह्या वाचा. खोली कदाचित वाचलीही असती. पण एकवीस पोरं माझ्याकडे बघत होती. आणि कशी बघत होती! मोठं काम फत्ते केल्यासारखी, शाबासकीची वाट बघत! मागे मामा उभे, तेही मान डोलावतायत, जमलं म्हणून. ह्यांना मी साहेबांसमोर खोटं ठरवू? जीभ उचलली होती हो मी. उचलली होती. आणि म्हणालो, ‘बरोबर आहे साहेब.’

फार वाईट वाटलं. ते मात्र निरीक्षण नाही, नुसतं वाटलं.

नंतर पहिल्या बाकावरचीला विचारलं, जी सगळ्यांत जास्त भांडायची, लिटमसवरून तर माझ्याशीसुद्धा. म्हटलं, काय गं, तुला किती दिसलं? ‘सत्त्याण्णव, सर.’ मग लिहिलं का नाहीस? तर म्हणते, ‘मामा म्हणाले, आज कुणाचं चुकलं तर खोली गेली. मग आम्ही सगळ्यांनी बरोबर लिहिलं. ...सर, तुम्हाला आवडलं नाही का?’ म्हटलं, आवडलं. जा, डबा खा.

खोली गेली. दोन दिवसांत बर्नर निघाले, मामा घंटेपाशी गेले. आता घंटा अगदी वेळेवर होते. मोठ्या बाईंनी मला मऊ आवाजात सांगितलं, ‘सर, वाईट वाटून घेऊ नका, खोली जाण्यापूर्वी तुमचा प्रयोग आपण रेकॉर्ड करून ठेवलाय ना! तुमचा आवाज, तुमचे हात, कायमचे फळ्यात!’ ठेवलाय खरा. फळा बसवणारा एक तरुण आला होता कॅमेरा घेऊन, म्हणाला, ‘सर, सत्त्याण्णव येतंय, एडिट करून शंभर करू?’ मी म्हटलं, खबरदार! हात लावशील तर बघ! म्हणजे बघा, एवढा एक विजय माझाही आहे.

मग गेल्या महिन्यात तो लावला, नववीला. फळ्यावर माझा हात, माझा थर्मामीटर, सत्त्याण्णव. वह्या आल्या. एक्केचाळीस वह्यांत सत्त्याण्णव! एकसारखं, एका ओळीत, न खोडता! सत्तावीस वर्षं ज्याच्यासाठी घसा फोडला, ते झालं... आणि एकानंही खरं पाणी उकळताना बघितलेलंसुद्धा नाही! मी काय देणार? फुली कुठल्या तोंडानं देऊ? जे दिसलं ते लिहिलं होतं बिचाऱ्यांनी. दिल्या बरोबरच्या खुणा, एक्केचाळीस. तक्रार नाही...

बेचाळिसावी वही तिची, त्या भांडणारीची. पारा लिहिलाच नव्हता. निरीक्षण म्हणून एवढंच: ‘खिडकीतून फळ्यावर ऊन पडलं होतं. काहीही दिसलं नाही.’ अहो, मी खुर्चीतून उठलो! सबंध शाळेत त्या दिवशी जर काही खरोखर घडलं असेल ना, तर ते ऊन, आणि ते पाहिलं एकटीनं! पैकीच्या पैकी गुण दिले, खाली लाल शाईत शेरा मारला, ‘उत्कृष्ट निरीक्षण’, आणि आनंदाच्या भरात वही घेऊन सरळ मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, वाचा! ह्याला म्हणतात विज्ञान!

बाईंनी वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाल्या, ‘अगदी खरंय सर. बरं झालं लक्षात आणून दिलंत.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या खिडक्यांना जाड काळे पडदे लावून घेतले.