तांड्यावरचं रडणं

तुम्ही सगळ्या मला खंबीर म्हणता ना, म्हणून सांगते. साठ-एकसष्ट सालची गोष्ट असेल. मी महागावच्या दवाखान्यात नर्स होते. माझे यजमान गेले आणि तेरावा होताच मी कामावर गेले. डोळ्यांतून टिपूस नाही. उलट पेशंटच्या बायकांना मीच धीर द्यायचे. फक्त हात कापायचे. नोकरी सोडावी, असंही मनात यायचं.

एकदा बंजाऱ्यांच्या तांड्यावर एका बाळंतिणीला ताप आला, म्हणून गेले. सुई भरत होते, तर तिच्या सासूने माझं मनगट धरलं.

"बाई, हात काहून कापून राह्यला तुया?"

"काही नाही, आजी. मालक वारले माझे."

"मंग रडली का नाई?"

"रडायला वेळ कुठे आहे?"

म्हातारीने मला गळ्याशी धरलं आणि मोठ्याने गळा काढला. त्यांच्यात बायका तशाच रडतात, एकमेकींच्या गळ्यात पडून, चालीवर. तिच्या बोलीतला एकही शब्द मला कळला नाही, पण मी हमसून हमसून रडले.

शेवटी खाटेवरून सून म्हणाली, "तुमचं दोघीचं झालं असंन, त मले सुई टोचा नं! मी कवाची कुशीवर पडून राह्यली."

तिघीही हसलो.

नोकरी मी शेवटपर्यंत केली. मात्र कुणाकडे मयत झाली की धीर द्यायची घाई सोडली. आधी शेजारी बसून रडून घ्यायचे.