आडनाव बदललेली फाइल

अहो, चहा घ्या आधी, घाई काय आहे? — बायकोनं बोलावलं तुम्हाला, मी तिला म्हणालोच होतो, कशाला त्या कॉम्प्युटरवाल्यांना त्रास, एकच तर फाइल आहे, नाही उघडत तर नाही उघडत. सहाशे आठपैकी सहाशे सात व्हिडिओ चालतात! हा बघा कॅटलॉग — वर्ष, प्रसंग, कोण कोण दिसतंय, कोणाचं डोकं कापलं गेलंय — सगळी नोंद. तीस वर्षं ग्रंथालयात कार्डं लिहिलीत मी, गंमत नाही. सुरुवातीला हे सॉफ्टवेअर काय नखरे करायचं — कॅसेटवरनं उतरवलेलं चालत नाही, जुन्या कॅमेऱ्यातलं चालत नाही, फोनवरचं तेवढं गोड मानून घेणार. मग माझ्या लक्षात आलं, हे आडनाव बघतं! फाइलच्या नावात टिंबाच्या पुढे असतात ना अक्षरं, ती. टाकली सगळ्यांची आडनावं बदलून. आडनाव बदललं म्हणून स्वभाव थोडाच बदलतो? एकात चित्र गायब, दुसऱ्यात आवाज गायब. मग बसलो तीन आठवडे, एकेकीचं रीतसर रूपांतर करत.

ही एक राहिली. आईची. आई मटार सोलतेय आणि मी नवा फोन तपासतोय — चार मिनिटांची. ताई यायचीय आज पाचला, खास हीच बघायला. बायकोनं तिला फोनवर सांगून टाकलं — तिच्या पोटात काही राहील तर शपथ. तर तुम्ही एवढंच लिहून द्या, ‘स्वरूप जुळत नाही, सदर फाइल उघडणे शक्य नाही’. खाली सही. शिक्का आहे का हो तुमच्याकडे? नसला तरी चालेल.

नाही, ताई नऊ वर्षं बोलत नाही माझ्याशी. आई गेली तेव्हाही आली, बायकोशी बोलली, माझ्याशी नाही. कारण? क्षुल्लक हो. तिच्या लग्नाची एकच कॅसेट होती, ती सगळ्यांसमोर लावली — ताई नटूनथटून कॅमेऱ्याकडे बघून हसतेय आणि एकदम खेळाडू बाद, अंपायर बोट वर करून उभा! लग्नावर कोणीतरी मॅच टेप केलेली. मी म्हणालो, भावोजींचं काम. ते बिचारे नाही म्हणत होते, मी आवाज चढवला, ताई उठली, पर्स उचलली आणि निघाली. जरा तापटच आहे ती — नाही, तापट मीच आहे म्हणा. आणि त्यात आईचं ते बोलणं... कोणतं? छे, फाइल उघडतच नाही, आई काय बोलते ते मला कुठून माहीत?

काय बघताय? आडनाव? हो, टीएक्सटी आहे, व्हिडिओचं नव्हे, नुसत्या मजकुराच्या फाइलचं. लागला असेल हात चुकून. — सहाशे सात वेळा नाही चुकला, मान्य. अहो, ग्रंथालयात एखादं पुस्तक कोणाला सापडू नये असं वाटलं ना, तर ते फाडायचं नसतं, चुकीच्या कपाटात ठेवायचं. मला पुसता आली असती ही. दोनदा बटणापर्यंत बोट नेलं. पण आईचा तेवढाच आवाज उरलाय हो माझ्याकडे. अहो, काय करताय? माउस सोडा — एवढी तीन अक्षरं तर बदलायची असतात, ते मलाही येतं, नका —

लागली. तीच. मटार. ऐका आता काय म्हणते — ‘तिच्या लग्नावर मॅच तूच घेतलीस ना रे? मी बघितलं होतं. वर जावयांचं नाव पुढे करतोस? सांग ताईला, मी आहे तोवर सांग.’ बघा, हसली. शेंग फेकून मारली मला, म्हणून फोन हलला इथे. मी काही सांगितलं नाही. लाज वाटली, आणि मग आईच गेली.

बेल! पाच कुठे वाजलेत अजून? बदला, परत बदला आडनाव — टी, एक्स — थांबा.

नको. राहू द्या तसंच. पहिल्यापासून लावून ठेवा फक्त. तो सहीचा कागद फाडा, आणि निघा तुम्ही. जाता जाता दार तेवढं उघडा. बाहेर बाई असतील, त्यांना काही सांगू नका. मी सांगतो.