परकीय सत्ता म्हणजे काय?

मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे.

मला बोलता येणार नाही, असं मी काल यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, "मग मी तरी काय बोलू? माझी तर आई गेली." म्हणून मी उभी राहिले. खरं सांगते, मला अजून काहीच वाटत नाहीये. बाया गळ्यात पडून रडतात, मी त्यांना पाणी देते. बाई गेल्या, बाई गेल्या, असं तोंडानं म्हणते. आत काही हलत नाही.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. या हिंगणघाटातल्या कितीतरी जणांना त्यांनी इतिहास शिकवला. मलाही शिकवला, लग्नाच्या कितीतरी आधी, गिरडकडच्या आमच्या शाळेत. म्हणून सून झाल्यावरही माझ्या तोंडून 'आई' कधी निघालंच नाही. बाई त्या बाईच.

त्यांचा आवडता धडा तुम्हाला आठवत असेल. परक्यांच्या राज्याविरुद्ध देश कसे उठले. चीन, तुर्कस्तान, इजिप्त, आपण. फळ्यावर मधोमध रेघ ओढायच्या. एका बाजूला 'त्यांना घालवणे', दुसऱ्या बाजूला 'आपण बदलणे'. आणि म्हणायच्या, "पहिली बाजू सगळ्यांले पाठ असते रे. दुसरीकडे कोणी पाहूनच नाई राह्यलं!" त्यांचे वडील स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेलते. केवढा अभिमान होता बाईंना! पण त्याच दमात म्हणायच्या, "माह्या बापानं इंग्रजाले जा म्हटलं. सुटून घरी आल्यावर मायले एकदा तरी इचारलं का, तू कशी राह्यली? नाई इचारलं."

एकदा चाचणीत प्रश्न आला, परकीय सत्ता म्हणजे काय? मी लिहिलं, "परकीय सत्ता म्हणजे सासर. तिथे आपण राबतो, पण आपल्याला कोणी विचारत नाही. माहेरी यायलाही परवानगी लागते." बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. पोरं हसून हसून बेंचावर पडली. बाई हसल्या नाहीत. "काऊन लिवलं वं असं?" मी म्हटलं, "आमच्या ताईले पोळ्याच्या सणाले माहेरी पाठवलं नाई, बाई." त्यांनी मला पैकीच्या पैकी मार्क दिले.

पुढं त्याच बाई आपल्या पोरासाठी मला मागायला आमच्या दारी आल्या. मी माप ओलांडलं तेव्हा कानाशी हळूच म्हणाल्या, "ये, परकीय सत्तेत स्वागत हाये तुह्यं." अशा होत्या. सणवार आला की स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "सरकारचा हुकूम हाये. माहेरी जाजो." मी पिशवी भरेपर्यंत त्या पोळ्या लाटायला बसलेल्या असायच्या. आणि पोळ्या त्यांना धड येत नव्हत्या, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

देहदानाचं त्यांनी मला खूप आधी सांगून ठेवलं होतं. "बापानं देशासाठी जीव द्यायची तयारी ठेवलती. मले त मेल्यावर द्यायचं हाये. लय सोप्पं काम. तेवढं तू होऊ देजो." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

सोमवारी सकाळी बाई गेल्या आणि ते सोप्पं काम माझ्यासमोर आलं. घर भरलं होतं. आमच्या आत्याबाई, म्हणजे बाईंच्या नणंद, त्या समोरच बसल्या आहेत, त्यांच्या तोंडावर सांगते. त्यांनी ऐकलं आणि त्या भडकल्या. "वयनीले अग्नी नाई? लोक काय म्हणतीन? अन् हे ठरवणारी तू कोण वं? परक्या घरची पोर!"  हे खाली पाहत होते. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही. मी एवढंच म्हटलं, "आत्याबाई, बाईंना मी शब्द दिलाय." आणि मेडिकल कॉलेजला फोन लावला.

गाडी आली. गाडीवरच्या माणसानं दारातूनच विचारलं, "घरचं कोण आहे? कोणाला विचारून न्यायचं?"

 ह्यांना हुंदका आवरेना. मी आत्याबाईंकडे पाहिलं. आणि बाईंच्या पायाशी बसलेल्या आत्याबाई, तोंडाला पदर लावलेला, वर न बघता म्हणाल्या, "ही हाये ना घरची. हिलेच इचारा."

मी म्हटलं, "न्या."

तेवढंच. तेव्हापासून अशीच आहे मी, लाकडासारखी. चिता नाही, राख नाही, वेणा नदीच्या काठावर जाऊन सोडायला काही नाही. हात कुठं जोडायचे ते मला कळत नाहीये. म्हणून इथंच जोडते. आपण सगळे बाईंसाठी घडीभर उभे राहू, न बोलता. माझं रडं आता निघालं तर निघू द्या, कोणी पाणी आणू नका.

आत्याबाई, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही बसूनच राहा.

नाही म्हणता? मग या. माझा हात धरा.